खाराचा कोट

चारचौघींसारखी मीही झबली, परकर आणि उशांचे अभ्रे शिवत असे. पुढे माणसं जळू नयेत म्हणून मी कोट शिवणार आहे, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी हसले असते. हसायला तेव्हा मला फारसं कारण लागत नसे.

बेंगळुरूचं राजाजीनगर तेव्हा नवं होतं. रस्ते आखलेले, झाडं कमरेएवढी, आणि दोन घरांच्या मध्ये मोकळे प्लॉट, ज्यांत कुणाची तरी म्हैस चरत असे. आम्ही एका छोट्या घरात भाड्याने राहत होतो. मी, माझा नवरा आणि त्याची आई. नवऱ्याला त्या काळी आम्ही बायका 'हे' म्हणायचो, मीही तेच म्हणते, आता जीभ वळायची नाही. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे विजेचे मोठमोठे स्विच बनत आणि बनलेला प्रत्येक स्विच बाहेर जाण्याआधी ह्यांच्या विभागात तपासला जाई. तपासायचा म्हणजे त्यातून वीज सोडायची आणि मग ती तोडायची.

तोडताना काय होतं ते ह्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं होतं. वीज जोरात वाहत असताना स्विच उघडला की तिला थांबायचं नसतं. ती मधल्या हवेतून उडी मारते. डोळे दिपवणारा निळा-पांढरा लोळ उठतो, त्याला कारखान्यात आर्क म्हणत. तो स्विचच्या पोटातच विझला तर ठीक. बाहेर आला तर लांब उभ्या असलेल्या माणसाचेही कपडे पेटतात, त्याने तारेला बोटही लावलेलं नसलं तरी. "धक्क्याने मरत नाही माणूस," हे म्हणाले, "सदऱ्याने मरतो." आणि आमटी वाढ म्हणाले.

हे असंच बोलायचे. आधी मला वाटायचं, ह्यांना काही वाटतच नाही. मग त्यांच्या विभागातला एक माणूस भाजला. नुकतं लग्न झालेलं होतं त्याचं, आणि सासऱ्याने दिलेला टेरिलीनचा शर्ट घालून तो कामावर आला होता. टेरिलीन तेव्हा मोठ्या मानाची चीज होती. इस्त्री नको, सुरकुती नको, धुऊन झटकला की झाला. आर्क बाहेर आला तेव्हा तो शर्ट पेटला असं म्हणता येणार नाही. तो वितळला आणि त्याच्या पाठीला चिकटला. हे दवाखान्यातून आले ते मागच्या दारी जाऊन दगडावर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला तर तो तसाच गार झाला.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. हे कुठून कुठून चिंध्या गोळा करून आणत. माझ्या पातळाचा काठ, रेशमी खणाचा तुकडा, घोंगडीची दशी, गोणपाट, टेरिलीन. चिमट्यात धरून एकेक स्टोव्हच्या जाळावर धरायचे आणि बघत बसायचे. सुती कापड भसकन पेटायचं. लोकर कुरकुरायची, केस जळल्यासारखा वास यायचा, पण जाळातून काढली की विझायची. टेरिलीनचा थेंब पितळेच्या ताटलीत पडला तो अजून त्या ताटलीला आहे. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "अरे, स्वयंपाकघर आहे की मसणवटा?" पण स्टोव्ह त्याच पेटवून द्यायच्या. मुलगा काही करतोय म्हटल्यावर त्यांना त्यात भागीदारी हवी असे.

घोंगडीचे कोट कारखान्याने नाकारले. एवढ्या लोकरीला परवानगी कोण देणार आणि ती घालून माणसं उकडून निघतील. मग ह्यांना कुठेतरी वाचलेलं आठवलं की टाकणखार आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून त्यात सुती कापड भिजवलं आणि न पिळता वाळवलं की ते पेट घेत नाही. टाकणखार म्हणजे लहान मुलांच्या तोंडात फोड आले की मधातून लावायचा तोच, आणि बोरिक पावडर म्हणजे कॅरमवर टाकायची तीच. सासूबाईंना हे भारी आवडलं. "म्हणजे माझं औषध की रे!" म्हणाल्या.

मी अंघोळीच्या घंगाळात खार कालवला. तंबूला वापरतात तसल्या जाड सुती कापडाचा तुकडा त्यात बुडवला आणि दोरीवर टाकला. वाळल्यावर तो ताठ झाला आणि त्याच्यावर पांढरी भुकटी दिसू लागली. ह्यांनी तो जाळावर धरला. काळा पडला, धुमसला, आणि बाहेर काढला तसा विझला. ज्योत नाहीच. पुन्हा धरला, पुन्हा तेच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लग्नाच्या मांडवात पाहिलं नव्हतं इतकं नीट पाहिलं. मी आपली उगाच घंगाळ घासत बसले.

कोट मी शिवले. ह्यांच्या सूचनांना अंत नव्हता. पुढून उघडं नको, जाळ आत शिरतो. धातूचं बटण नको, तापतं. बाह्या लांब आणि मनगटाशी घट्ट हव्यात. खिसा नको. शेवटी मी मागे बंद लावले, एका ओढीत सुटतील असे. पहिला कोट ह्यांनी घालून दाखवला तेव्हा सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं, हे तर झबलं! टोपडं पण शिव की." ह्यांनीही दोन्ही हात वर करून लहान मुलासारखे नाचवले. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही उगाचच आनंदात होतो.

दुसरा कोट अण्णांचा. अण्णा हे ह्यांच्या विभागातले जुने फिटर, बेळगावकडचे. कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात बोलायचे. वयाने ह्यांच्यापेक्षा मोठे, पण मला 'अक्का' म्हणत आणि मी त्यांना अण्णा. माप द्यायला आले तेव्हा ओट्यावर अगदी अवघडून उभे राहिले.

"अक्का, स्वल्प सैल ठेवा हं," म्हणाले. "पोट आहे मला."

"पोटाचं माप घेतलंय," मी म्हटलं.

"नाही हो, दसऱ्यानंतरचं."

मग बाकीच्यांचे कोट शिवले. खार मात्र धुतला की जातो, हे सुरुवातीलाच कळलं होतं. एकदा पाण्यात बुचकळलं की कापड पुन्हा होतं तसं, भसकन पेटणारं. म्हणून हे सगळ्यांना बजावून सांगत, कोट धुवायचा नाही. मळला तरी नाही, घामाचा वास आला तरी नाही. वास असह्य झाला तर इथे पाठवा, अक्का धुऊन पुन्हा खार लावून देतील. ते काम माझं होतं. माझे हात तेव्हा कायम कोरडे आणि खरखरीत असत.

बेंगळुरूमध्ये कारखान्यांतली खंडेनवमी म्हणजे आयुधपूजा. ती पाहिली नसेल त्याला सांगून कळायची नाही. आदल्या दिवसापासून माणसं बादल्या आणि चिंध्या घेऊन यंत्रांच्या मागे लागतात. वर्षभर तेलात माखलेला पाना असो नाहीतर दारावरची सायकल, सगळं धुऊन पुसून लख्ख करतात. मग केळीचे खांब, झेंडू, हळदकुंकू, आणि दारात कोहळा फोडणं. न धुतलेली वस्तू पूजेला ठेवायची, ही कल्पनाच कुणाला सहन होत नाही. त्यात कोट तर अंगावरचा. आदल्या दुपारी ह्यांच्या विभागात कोटांवरून जुंपलीच. एक जण कोट घेऊन नळाशी पोचलासुद्धा होता. ह्यांनी सगळे कोट गोळा केले, कपाटात घातले आणि किल्ली अण्णांकडे दिली. स्वतःचा कोट कपाटात मावेना. तो कागदात गुंडाळून, पिशवीत घालून घरी आणला.

"बादल्या घेऊन मागे लागले होते," जेवताना मला सांगत होते. सासूबाई तेव्हा माळ घेऊन आतल्या खोलीत होत्या. "म्हटलं, घरीच नेतो. एवढी एक जागा सुरक्षित."

आम्ही दोघंही हसलो. पिशवी दारामागच्या खुंटीला होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बायकांनाही बोलावणं होतं. मी नेसून गेले. त्या प्रचंड शेडमध्ये यंत्रं नवरीसारखी सजवली होती आणि कुंकवाचा नि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास येत होता. अण्णांच्या बायकोने माझी ओटी भरली. अण्णांनी चुरमुऱ्यांची भली मोठी पुडी दिली. सासूबाई घरीच राहिल्या, कारण घरचीही पूजा होती. आमच्याकडे खंडेनवमीला विळी, अडकित्ता, पाटा-वरवंटा, ह्यांची आकडेमोडीची स्लाइड रूल आणि माझं शिवणाचं मशीन, सगळं पाटावर किंवा पाटाशेजारी मांडत.

परत आलो तर पूजा मांडलेली होती, आणि सगळ्यांच्या मध्ये ह्यांचा कोट. नीट घडी केलेला, गळ्यापाशी कुंकवाचं बोट.

"आई, कोटालाही मान दिलास," हे म्हणाले.

"मग! लेकराचं चिलखत ते," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी कोट हातात घेऊन पाहिला. होता तसाच ताठ. परत पाटावर ठेवला आणि नमस्कार केला. दसऱ्याला सुट्टी होती. तो दिवस आपट्याची पानं आणि जेवणात गेला.

सुट्टी संपल्यावर पहिला स्विच तोडायचा तो ह्यांनी स्वतः तोडायचा, असा त्यांचा रिवाज होता. मुहूर्ताचा म्हणा. मी तिथे नव्हते, मला अण्णांनी सांगितलं ते मी सांगते. हे स्विचच्या दांड्यापाशी, अण्णा उजव्या हाताला, दोघांच्याही अंगावर कोट. दांडा ओढला आणि आर्क स्विचचं तोंड फोडून बाहेर आला. दोघांच्याही अंगावर आला. अण्णांचा कोट छातीवर काळा पडला. ह्यांचा पेटला. जाळ बाह्यांवरून मनगटाकडे धावला, हातमोज्यांच्या तोंडाशी पोचला, तेव्हा ह्यांनी मोजे झटकून टाकले आणि उघड्या हातांनी छाती बडवत सुटले. अण्णांनी मागचे बंद ओढले आणि कोट ओरबाडून काढला, मग ह्यांना गोणपाटात गुंडाळून जमिनीवर लोळवलं.

माझे बंद एका ओढीत सुटले. हे कुणी कधी म्हणालं नाही, म्हणून मीच म्हणते.

दवाखान्यात मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. बँडेज केलेले ते दोन हात उशांवर ठेवलेले होते, आणि मी ते पाहत विचार करत होते की त्या उशांचे अभ्रे कुणी शिवले असतील, शिवण किती वाकडी आहे.

कोट अण्णांनी घरी आणून दिला, पोत्यात घालून. साहेबांची वस्तू आहे, टाकवली नाही म्हणाले. सासूबाईंनी पोतं उघडलं. समोरचा भाग गेलाच होता, गळ्याचा तुकडा शिल्लक होता, त्यावर कुंकू. त्या कोटाशेजारी बसल्या आणि त्यावरून हात फिरवायला लागल्या.

"किती स्वच्छ धुतला होता गं मी," म्हणाल्या. "तुम्ही गेलात नि लगेच रिठे भिजवले. पूजेला असा पांढरा डाग पडलेला कसा ठेवायचा? दगडावर आपटून आपटून सगळी भुकटी काढली. कांजी केली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून घेतली. आणि त्याच कोटात माझ्या लेकराला..."

त्या रडत होत्या. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. खार कशासाठी, हे त्यांनी कितीदा ऐकलं होतं, पण धुतल्यावर जातो हे सगळं बोलणं माझं नि ह्यांचं. त्यांच्या लेखी औषध एकदा लावलं की लागलं. कोटाचा ताठपणा कांजीचा होता, म्हणून ह्यांच्याही हाताला फरक कळला नाही.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांना मराठी येत होतं. ते खाली बघून पोत्याची सुतळी गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर उठले, "येतो अक्का," म्हणाले, आणि दारापर्यंत गेल्यावर हळूच म्हणाले, "मी काही ऐकलं नाही."

कारखान्यात चौकशी बसली. एकाच कापडाचे, एकाच खाराचे दोन कोट. एक पेटला, एक नाही. साहेब लोकांपैकी काहींना हे खाराचं प्रकरण पहिल्यापासूनच आजीबाईचा बटवा वाटत होतं. ते म्हणाले, भरवसा नसलेलं कापड घालून माणूस उलट बेफिकीर होतो, सगळे कोट जाळून टाका. म्हणजे अण्णा आणि बाकीची माणसं पुन्हा आपापल्या शर्टांत त्या दांड्यापाशी उभी राहणार होती.

मी दवाखान्यात ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली.

"मग सांगा ना त्यांना, की धुतला गेला होता," मी म्हटलं. "प्रश्नच मिटला. कोट राहतील."

"कुणी धुतला, विचारतील."

"घरी धुतला, म्हणा."

"आणि ते आपल्या घरी पोचायला किती वेळ लागतो? सगळ्यांच्या बायका येतात आपल्याकडे. आईला कळलं ना, की तिच्या हातून झालं, तर ती अन्नपाणी सोडेल. मला माहीत आहे ती."

ते खरं होतं. मलाही माहीत होती ती.

"मी सांगतो, माझ्या कोटाला खार लावायचाच राहिला होता," हे म्हणाले. "कोट वाचतील, आणि आईही."

"आणि मी? खार मी लावते, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

"तू काय," हे म्हणाले. "तू खंबीर आहेस."

त्यांचे ओठ भाजलेले होते, बोलताना त्रास होत होता. त्या माणसाशी मी काय भांडणार? मी उठून पाण्याचा तांब्या भरून आणला.

चौकशीत त्यांनी तेच सांगितलं, आणि दोष स्वतःकडे घेतला. माझा कोट, माझी जबाबदारी, मी तपासला नाही. माझं नाव कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी घेतलं नाही, हे मला कबूल करायला हवं. त्यांना चाचणी विभागातून काढून भांडारात बसवलं. कोट राहिले. पुढच्या आयुधपूजेपासून कपाटाला कुलूप लावायचा नियम झाला. त्यानंतरही आर्क बाहेर आले असतील, पण आमच्या ओळखीत पुन्हा कुणाची पाठ गेली नाही.

घरी मात्र सासूबाईंनी विचारायचं ते विचारलंच. "अरे, अण्णाचा नाही पेटला, तुझाच कसा?"

"खार लावायचा राहिला होता त्याला," हे म्हणाले. कुणाकडून राहिला, ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कणीक तिंबत होते. मी तिंबतच राहिले.

त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत, तशी बाई नव्हती ती. पण कुणी पाहुणा आला, ह्यांच्या हातांकडे बघून हळहळला, की आतून त्यांचा आवाज येई, "काय करणार! हिच्याकडून खार लावायचा राहिला. घाई हो, सगळ्याची घाई." मग पाहुणा माझ्याकडे बघे. मी लाडू पुढे करी. अण्णांची बायको हळदीकुंकवाला येई ती माझ्याकडे न बघता कुंकू लावून घेई. अण्णा तिलाही काही बोलले नव्हते. शब्दाला पक्का माणूस. कधी कधी वाटायचं, नसता इतका पक्का तर बरं.

आणि खंडेनवमीला माझं मशीन पूजेतून गेलं. पहिल्या वर्षी मी ते काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ते." एवढंच. मशीन कोपऱ्यात अभ्र्याखाली राहिलं, आणि पाटावर विळी, अडकित्ता, स्लाइड रूल. स्लाइड रूलसुद्धा खरं तर आता कुणी वापरत नव्हतं. ह्यांच्या बोटांना ती सरकवता येत नव्हती.

हात बरे झाले, म्हणजे जखमा भरल्या. कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली. डॉक्टर म्हणाले, वरच्या नसा मेल्या, आता थंड-गरम कळणार नाही. तेच झालं. चुलीवरून उतरवलेलं पातेलं हे उघड्या हातांनी धरायचे. सांडशी दिली तर म्हणायचे, "कशाला?" मी आधी धावायचे, ओरडायचे. मग सोडून दिलं. बघत बसायचे. फोड आला की औषध लावायचे. ह्यांना औषधही कळायचं नाही. मला तो हात हातात घेताना काही वाटायचं नाही, त्यांना तर वाटणं शक्यच नव्हतं, आणि असे आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलेले असू. लोक म्हणत, काय समजूतदार जोडपं आहे.

मी काही शिवलं नाही असं नाही. शेजारणीचे परकर शिवले, पडदे शिवले. पण त्या मशीनशी बसले की मला पूर्वी जो एक हुरूप येई तो आला नाही. ना राग, ना दुःख. सासूबाईंचं 'घाई हो' ऐकू आलं की मी मनात म्हणे, हो, घाई. मला वाटायचं, माझ्याही वरच्या नसा मेल्या. सोयीचं होतं ते.

अशी वर्षं गेली. राजाजीनगरची झाडं घरांच्या वर गेली. म्हशी चरायच्या त्या प्लॉटांवर घरं झाली. सासूबाई थकल्या, त्यांना कमी दिसू लागलं, पण कपडे त्या स्वतःच धूत. ते काम त्यांनी सोडलं नाही आणि मागितलं तरी दिलं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी मी विळी घासून पाटावर ठेवत होते. हे ओट्याच्या दाराशी चहा पीत बसले होते, वाफाळता पेला दोन्ही मुठींत धरून. सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"अगं, ते मशीन काढ बाहेर," म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना जागा हवी आहे. मी म्हटलं, "कोपऱ्यात आहे ते, अडत नाहीये."

"तसं नव्हे. पूजेला ठेव म्हणते मी." त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. हात थंड होता, पाण्यातून आलेला. "इतकी वर्षं मी मनात धरून ठेवलं. तुझं काही चुकलं म्हणून तू मुद्दाम केलंस असं थोडंच आहे? चुकतं माणसाकडून. पोर होतीस तू. आता मी किती दिवसांची! मनात ठेवून जायचं नाही मला. मी तुला माफ केलंय हो. अगदी मनापासून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पेल्यात पाहिलं, आणि पाहतच राहिले. एक शब्द बोलले असते तर पुरला असता. मी वाट पाहिली. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, आणि सासूबाईंचा चेहरा इतका हलका झालेला दिसत होता, इतका मोकळा, की ते ओठांवरून मागे गेलं.

"बरं," मी म्हटलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसलं, मग उठून स्वतःच मशीनशी गेल्या, वरचा अभ्रा काढला आणि डोळ्यांशी नेऊन पाहिला. "शी! किती मळलाय हा! रिठे आहेत का घरात? असा कसा ठेवायचा पूजेला?" आणि अभ्रा घेऊन त्या मागच्या दारी गेल्या.

हे हळूच म्हणाले, "बरं वाटलं तिला."

आणि तेव्हा आला. इतक्या वर्षांचा राग, ह्यांच्यावरचा, तिच्यावरचा, माझ्या त्या 'बरं'वरचा, असा आला की माझ्या हातातली विळी पाटावर खडखडली. मला कळलं, माझं काही मेलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे आणि सगळं भाजतंय.

मी विळी सरळ केली. कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं आणि मशीनला लावलं. मागच्या दारी दगडावर त्या अभ्रा आपटत होत्या, उलटून पालटून, डाग निघेपर्यंत.